पावसच्या घरात ट्यूब प्रीॲम्प मोजला, त्याची हकीगत

जून ते ऑक्टोबर २०२४ असे चार महिने मी ४,८५० रुपयांच्या एका ट्यूब प्रीॲम्पच्या मागे होते. प्रीॲम्प म्हणजे मुख्य ॲम्प्लिफायरकडे जाण्याआधी आवाज ज्यातून जातो ते छोटं यंत्र, आणि ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचा तो काचेचा व्हॉल्व्ह. तो विकत घेतला, बिघडलाय असं समजून परत करायला निघाले, नंतर सावकाश मोजला. सुरुवातीला मला मराठीत याबद्दल वाचायला काही सापडलं नव्हतं. जे सापडलं ते प्रयोगशाळेतले लोक प्रयोगशाळेतल्या लोकांसाठी लिहितात तसं होतं. त्यांच्याकडची ऑडिओ प्रिसिजनसारखी यंत्रं लाखांच्या घरातली. माझ्याकडे होता एक लॅपटॉप, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमध्ये आवाज आत-बाहेर नेणारं यंत्र), आणि आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीजवळच्या पावस गावच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मर्फी, बुश, फिलिप्स यांचे व्हॉल्व्हचे रेडिओ त्यांनी आयुष्यभर उघडले आणि मिटले. दुरुस्त झालेल्या प्रत्येक रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने ते पेन्सिलीने तारीख आणि प्लेटचं (व्हॉल्व्हच्या आतल्या जास्त व्होल्टेजच्या पत्र्याचं) व्होल्टेज लिहीत. गेली दोन-तीन वर्षं ते एकच गोष्ट सारखी म्हणत होते: मोबाइलवरून ॲम्प्लिफायरला लावलेली नाट्यपदं 'कोरडी' लागतात, व्हॉल्व्हच्या आवाजात ओल असायची. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. ओल म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी २ जूनला ऑनलाइन ऑर्डर टाकली.

खोकं ११ जूनला आलं. कुरिअरने ते पावसपर्यंत आणलं नाही, रत्नागिरीहून आणावं लागलं, म्हणून एसटीने गेले आणि आले. परत करण्याची मुदत दहा दिवस, म्हणजे २१ जूनपर्यंत. इथेच पहिली सूचना: अशी वस्तू घेतली की मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि खोकं, थर्माकोल, बिल काही टाकू नका. मला ते सगळं जवळजवळ लागलंच होतं.

प्रीॲम्प तळहाताएवढा. वर दोन सात-पायी व्हॉल्व्ह, ६जे१ या चिनी नावाचे. अमेरिकन ६एके५ आणि युरोपीय ईएफ९५ हे त्याच घराण्यातले. मुळात हे उच्च वारंवारितेच्या रेडिओ कामासाठी केलेले पेंटोड, म्हणजे पाच इलेक्ट्रोडांचे व्हॉल्व्ह. आप्पांनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. त्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सचे (बीईएल) ईसीसी८३ होते, ईएल८४ होते, पण ते सगळे नऊ पायांचे, यात बसणारा एकही नव्हता. मग त्यांनी अडॅप्टर हातात घेऊन वाचला. "अगो, बारा व्होल्ट? व्हॉल्व्हच्या प्लेटला अडीचशे लागतात." चालू केला तर व्हॉल्व्ह त्याच क्षणी केशरी उजळले. आप्पा म्हणाले, "व्हॉल्व्ह असा पेटत नाही. हिटर तापायला वेळ लागतो." निरखून पाहिलं तर सॉकेटच्या मधोमध खालून एलईडी बसवलेला. हिटरचा खरा उजेड हळूहळू आला, तो अगदी मंद, दिवे मालवल्यावरच दिसणारा. नुसत्या उजेडावरून व्हॉल्व्ह किती काम करतोय हे कळत नाही, हे पहिल्याच संध्याकाळी समजलं.

ॲम्प्लिफायरला जोडला आणि स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज सुरू झाला. गाण्यात तो बुडायचा, दोन कडव्यांच्या मधे वर यायचा. आप्पांचा चेहरा उतरला.

१३ जूनला मोजायला बसले. सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड. खोलीतला आवाज मोजण्यासाठी बनवलेलं आहे, फुकट मिळतं आणि ॲम्प्लिफायर मोजायलाही चालतं. लॅपटॉप एक शुद्ध स्वर तयार करतो, तो इंटरफेसमधून प्रीॲम्पमध्ये जातो, प्रीॲम्पमधून परत इंटरफेसमध्ये येतो आणि लॅपटॉप पाहतो की पाठवलेल्याखेरीज आणखी काय काय परत आलं. तत्त्व एवढंच. पहिले काही दिवस मात्र तयारीतच जातात, कारण चुकायच्या जागा पुष्कळ आहेत. इंटरफेसचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (मायक्रोफोनसाठी असतो तो) बंद हवा. डायरेक्ट मॉनिटरचं बटण बंद हवं, नाहीतर आलेला आवाज पुन्हा बाहेर जाऊन फिरत राहतो. विंडोजमधली आवाज 'सुधारणारी' सगळी सोय बंद, पाठवण्याचा आणि घेण्याचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) एकच, आणि मेसेजची टिंग बंद.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रीॲम्प जोडण्याआधी इंटरफेसचं आउटपुट सरळ त्याच्याच इनपुटला जोडून मोजायचं. याला लूपबॅक म्हणतात. आपला तराजू किती खोटा आहे ते आधी समजतं. माझ्या इंटरफेसची स्वतःची विकृती (मूळ स्वरात यंत्राने घातलेली भर) आणि खरखर मिळून मूळ स्वराच्या ९२ डेसिबल खाली होती. डेसिबलचा हिशेब असा ठेवा: ४० डेसिबल खाली म्हणजे १ टक्का, ६० म्हणजे ०.१ टक्का, ८० म्हणजे ०.०१ टक्का. दर २० डेसिबलला एक दहावा भाग. म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपासचं काहीही मी बिनधास्त मोजू शकत होते.

नंतर व्होल्टेज जुळवायचं. सॉफ्टवेअरला व्होल्ट कळत नाहीत, ते आपण मल्टिमीटरने सांगायचे. मी पहिल्यांदा १,००० हर्ट्झचा स्वर लावून मोजलं आणि आकडा कमी आला. साधे मल्टिमीटर एसी व्होल्टेज साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच नीट दाखवतात, हे मीटरच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. २०० हर्ट्झ लावले, १.०० व्होल्ट जुळवला आणि इंटरफेसच्या खुंटीवर चिकटपट्टी लावली. एकदा जुळवल्यावर ती खुंटी हलली तर सगळी मोजणी फुकट.

अर्धा तास प्रीॲम्प तापू दिला आणि १,००० हर्ट्झचा स्वर लावला. पडद्यावर स्वराचा उंच सुळका दिसला आणि डावीकडे ५० हर्ट्झवर दुसरा, १ व्होल्टच्या फक्त ५२ डेसिबल खाली. शेजारी १००, १५०, २५० वर त्याची पिलावळ. ५० हर्ट्झ म्हणजे आपली घरातली वीज. मी ठरवून टाकलं की माल बिघडलेला आहे. १६ तारखेला परतीची विनंती नोंदवली. फोटो, बिल, बिघाडाचं वर्णन, तीन वेळा तोच अर्ज, कारण फोटो ठरावीक आकारापेक्षा मोठे होते. दोन दिवसांत माणूस खोकं न्यायला येईल असा मेसेज आला.

१८ तारखेला संध्याकाळी वीज गेली. प्रीॲम्पचा अडॅप्टर मी इन्व्हर्टरच्या बोर्डवर लावला होता, तो चालू राहिला. लॅपटॉपचा चार्जर मात्र साध्या बोर्डवर होता, तो बंद पडला आणि लॅपटॉप बॅटरीवर गेला. पडद्यावरचा ५० हर्ट्झचा सुळका माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला. ५२ वरून ८१. मी काहीच केलं नव्हतं. वीज आली, सुळका परत उभा राहिला. चार्जर उपसला, सुळका बसला.

आप्पांना हाक मारली. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लॅपटॉपला हात लाव. मुंग्या येतात?" येत होत्या, कित्येक महिने येत होत्या आणि मी दुर्लक्ष केलं होतं. "मग अर्थिंग बघ." त्यांनी माझा मीटर घेऊन बोर्डमध्ये टाकला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये १०८, तोही स्थिर नाही, वरखाली होणारा. अर्थ चांगलं असेल तर हा आकडाही २३० च्या आसपास यायला हवा. बोर्डच्या तिसऱ्या भोकात तार होती, पण ती जमिनीपर्यंत पोचत नव्हती. चार्जरमधून गळणारा थोडासा प्रवाह जमिनीत जाण्याऐवजी ऑडिओच्या केबलच्या जाळीतून वाट काढत होता. घरघर आमच्या घराची होती, प्रीॲम्पची नव्हती.

१९ ला परतीची विनंती रद्द केली. माणूस तोवर निघाला नव्हता, म्हणून जमलं. २३ जूनला, रविवारी, वायरमन आला. घरामागचा अर्थिंगचा खड्डा उकरला. खाऱ्या हवेनं तांब्याची तार हिरवी होऊन क्लॅम्पपाशी तुटली होती. आमच्याकडे जांभा, त्यात ओल टिकत नाही, म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात आणि उन्हाळ्यात वरून पाणी घालतात. ते पाणी आम्ही वर्षानुवर्षं घातलं नव्हतं. नवी तार, पाइप, कोळसा, मीठ, मजुरी मिळून २,३०० रुपये झाले. प्रीॲम्पच्या निम्मी किंमत, पण घरातलं ते सर्वांत आधी व्हायला हवं होतं. त्यानंतर चार्जर लावूनही घरघर ७४ डेसिबल खाली राहिली. मोजताना मी तरी लॅपटॉप बॅटरीवरच ठेवते. आणि हे कळकळीनं सांगते: घरघर जाते म्हणून कुणी प्लगचा अर्थचा पाय काढून टाकायला सांगितलं तर ऐकू नका. तो पाय जीव वाचवायला असतो.

मुदत संपल्यावरच, २४ जूनला, आप्पांनी प्रीॲम्प उघडला. प्लेटवर २६ व्होल्ट मिळाले. ६एके५ च्या माहितीपत्रकात १२० ते १८० व्होल्टचे आकडे असतात. इतक्या कमी व्होल्टेजवर व्हॉल्व्ह चालतो, पण त्याला वर-खाली हलायला जागा कमी, हे आप्पांनी तिथल्या तिथे सांगितलं. आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. त्याचा परिणाम पुढे कळला.

जुलै पावसाचा. शाळा सुरू झालेली, त्यामुळे मोजणी रात्री नऊनंतर. वारंवारितेचा आलेख काढला तर २० हर्ट्झला आवाज २ डेसिबल कमी. ढोलकीचा धुमा खातो की काय, असं वाटलं. तीन रात्री त्यात गेल्या. मग कंडेन्सर आठवला. १ मायक्रोफॅरड आणि समोर १० किलोओहमचा भार (पुढच्या यंत्राच्या इनपुटचा रोध) असला की १६ हर्ट्झच्या आसपास अर्धी शक्ती जाते आणि २० हर्ट्झला बरोबर दोनेक डेसिबल घटतात. माझ्या इंटरफेसचं इनपुट १० किलोओहमचं आहे. आप्पांच्या ॲम्प्लिफायरचं ४७. म्हणजे मी प्रीॲम्पला अशा भारावर मोजत होते जो त्याला आमच्या घरात कधी मिळणारच नव्हता. ४३ किलोओहम आणि ४.७ किलोओहम असे दोन रेझिस्टर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवून मधे जोडले. प्रीॲम्पला आता ४६ किलोओहम दिसतात, आणि इंटरफेसकडे २३ डेसिबल कमी आवाज पोचतो, त्यामुळे तो फुटतही नाही. पत्र्याचा डबा बाहेरची घरघर अडवतो. २० हर्ट्झची घट जवळजवळ नाहीशी झाली. रेझिस्टरना साठ रुपये पडले. मोजताना यंत्रासमोर कोणता भार आहे, हे प्रत्येक आकड्याशेजारी वहीत लिहा.

७ जुलैला विकृती मोजली. इथे मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यंत्र मूळ स्वरात जे स्वतःचं मिसळतं ते बहुधा त्या स्वराच्या पटीत असतं. १,००० हर्ट्झ दिले की २,०००, ३,०००, ४,००० वर छोटे सुळके दिसतात. आपल्याकडे तंबोरा ऐकलेल्या माणसाला हे नवं नाही. षड्जाची दुप्पट म्हणजे तार षड्ज. तिप्पट म्हणजे त्याच्यावरचा पंचम. चौपट पुन्हा षड्ज. पाचपट म्हणजे गंधार. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. सातपट मात्र कोमल निषादाच्याही थोडी खाली पडते, पेटीवर ती पट्टीच नाही. म्हणून किती टक्के विकृती, याच्याइतकंच ती कितव्या पटीत आहे हे पाहायचं. दुप्पट म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात, तो मूळ स्वरात मिसळून जातो. पाच-सात-नऊ जास्त झाले की आवाज टोचतो.

उजव्या चॅनलला १ व्होल्टवर दुसरा पट ५२ डेसिबल खाली होता, म्हणजे ०.२५ टक्के. तिसरा ७० खाली. पुढचे दिसेनात. अर्ध्या व्होल्टवर दुसरा ५८ आणि तिसरा ८२ खाली. २ व्होल्टवर दुसरा ४६, तिसरा ५८. आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि थबकले. व्होल्टेज दुप्पट केलं की दुसरा पट ६ डेसिबलने वाढतो, तिसरा १२ ने. वक्र रेषेच्या समीकरणातून हेच निघतं: वर्गाचं पद दुसरा पट देतं, घनाचं पद तिसरा. दहावीच्या मुलांना जे फळ्यावर विस्तार करून दाखवते ते एका तापलेल्या काचेच्या नळीतून बाहेर येत होतं. त्या रात्री मी आप्पांना झोपेतून उठवलं. त्यांनी वही पाहिली, चष्मा पुसला आणि विचारलं, "तीन व्होल्टला काय?" तीन व्होल्टला हे नियम मोडले, विकृती ४ टक्क्यांवर गेली, सगळे पट उभे राहिले. "सव्वीस व्होल्टात तेवढंच मिळणार," म्हणून ते परत झोपायला गेले.

डावा चॅनल मात्र १ व्होल्टवरच ०.९ टक्के दाखवत होता. इथे एक सोपी युक्ती आहे. प्रीॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करायची. दोष बाजू बदलून दुसरीकडे गेला तर व्हॉल्व्ह वाईट, तिथेच राहिला तर सर्किट. माझा दोष उजवीकडे गेला. नवी जोडी मागवली, ६४० रुपये, २२ जुलैला आली. आता दोन्हीकडे ०.२४ आणि ०.२७. व्हॉल्व्ह काढताना सरळ वर ओढा, वाकडा केला तर पायांभोवतीची काच तडकते. आमच्याकडच्या दमट हवेत पाय काळे पडतात, आप्पांनी ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि मधूनमधून येणारी कडकड थांबली.

एक गोष्ट माझ्या कल्पनेत नव्हती. जोरदार पाऊस लागला की खरखरीच्या पातळीवर २०० ते ६०० हर्ट्झमध्ये एक टेकाड यायचं, पाऊस ओसरला की जायचं. मी पडवीत बसत होते, वर पत्रा. व्हॉल्व्हच्या आतली जाळी पत्र्याच्या आवाजानं थरथरत होती. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारली तर स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला. टेबल माजघरात नेलं, प्रीॲम्पखाली जुन्या स्लिपरच्या रबराचे चार तुकडे ठेवले, टेकाड गेलं. आप्पा सांगतात, दुकानात संशय आला की ते अशीच टिचकी मारून पाहायचे.

बाकीचं थोडक्यात. एका चॅनलचा आवाज दुसऱ्यात ५५ डेसिबल खाली झिरपतो, ऐकायला पुरेसं आहे. आवाजाची खुंटी नऊ वाजण्याच्या जागी असताना डाव्या-उजव्यात २.४ डेसिबलचा फरक, बारा वाजण्याच्या पुढे ०.४. म्हणून आम्ही ती अर्ध्याच्या पुढे ठेवतो आणि आवाज ॲम्प्लिफायरवर कमी-जास्त करतो.

माझे आकडे खरे आहेत का, ही शंका मात्र जाईना. सगळं एकाच इंटरफेसनं मोजलेलं. म्हणून रत्नागिरीतल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत डिस्टॉर्शन मीटर (विकृती मोजणारं मीटर) वापरू द्याल का, असं विचारायचं ठरवलं. १२ ऑगस्टला अर्ज दिला. तो परत आला, कारण आत आणायच्या उपकरणांची यादी जोडली नव्हती. दुसरा अर्ज दोन प्रतींत: यादी, प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांक, मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र, आधारची झेरॉक्स. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तो जपून ठेवा, पुढे कुणीही विचारलं की तोच क्रमांक सांगावा लागतो. २० ऑगस्टला दिला, मग परीक्षा, मग ७ सप्टेंबरला गणपती. तेव्हा कोकणात कुठलीच फाइल हलत नाही आणि मीही घरच्या गणपतीत होते. फोन २३ सप्टेंबरला आला. २७ ला अर्धी रजा टाकून, महिलांच्या अर्ध्या तिकिटावर, प्रीॲम्प मांडीवर घेऊन एसटीने गेले. भाट्याच्या पुलावर खड्डे आले तेव्हा डबा दोन्ही हातांनी धरला होता.

गेटवरच्या वहीत प्रत्येक वस्तू लिहून दिली. प्रयोगशाळा सहायक दादांनी सीआरओ (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणि मीटर आधीच तापवून ठेवले होते. १ व्होल्ट, १,००० हर्ट्झ: ०.२७ टक्के. घरचा आकडा त्याच चॅनलला ०.२४ होता. ते मीटर मूळ स्वर गाळून उरलेलं सगळंच मोजतं, घरघर आणि खरखर धरून, शिवाय त्याचा स्वतःचा स्वरही माझ्या इंटरफेसपेक्षा थोडा मळका. एवढा फरक पडायलाच हवा होता. तासाभरात काम झालं, शुल्क काही नाही. बाहेर पडताना यादीवरची प्रत्येक वस्तू पुन्हा तपासून सही झाली. रहाटाघरच्या स्टँडवर चहा घेताना माझे हात हलके झाल्यासारखे वाटले. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी स्वतःच्या वहीवर विश्वास ठेवला.

राहिला आप्पांचा प्रश्न. २ ऑक्टोबरला सुट्टी होती. भाचा आला होता, त्याला कामाला लावलं. एका खटक्यानं ट्यूबमधून किंवा ट्यूब वगळून, अशी जोडणी केली. दोन्हींचा आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवला, म्हणजे एकीकडे १.००० व्होल्ट असेल तर दुसरीकडे फार तर १.०१२. हे जुळवलं नाही तर जे किंचित मोठं तेच कानाला चांगलं वाटतं. भाचा पडद्यामागे छापा-काटा करून खटका फिरवायचा आणि वहीत लिहायचा. मलाही माहीत नसायचं, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून आप्पांना काही कळू नये. सोळा फेऱ्या. नुसत्या अंदाजानं सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी असते, म्हणून बारा ही आमची रेघ.

नेहमीच्या पातळीवर आप्पांचे नऊ बरोबर आले. मग ट्यूबला २ व्होल्टच्या वर नेलं, पुढे रेझिस्टरने आवाज खाली आणून पुन्हा जुळवला. आता तेरा बरोबर.

"कुठला बरा?" मी विचारलं. पेटी आणि गळा एवढंच असेल तेव्हा ट्यूबचा, म्हणाले. पखवाज आणि झांजा आल्या की बिनट्यूबचा, ट्यूबमध्ये सगळं एकमेकांत कालवल्यासारखं होतं. त्या रात्री मी ६० आणि ७,००० हर्ट्झचे दोन स्वर एकदम लावून पाहिले, पहिला चौपट मोठा. १ व्होल्टवर ०.९ टक्के विकृती मिळाली. दोन स्वर एकत्र गेले की व्हॉल्व्ह त्यांची बेरीज आणि वजाबाकी करून नवे स्वर घालतो. ते बहुधा गाण्याच्या सुरांत बसत नाहीत, आणि वाद्यं जितकी जास्त तितके ते वाढत जातात. आप्पांनी 'कालवल्यासारखं' म्हटलं ते हे असावं. नाट्यपदांपुरता प्रीॲम्प आता लावतो, भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रणांना वगळतो.

खर्च प्रीॲम्प ४,८५०, केबल ४८०, रेझिस्टर ६०, अर्थिंग २,३००, व्हॉल्व्ह ६४०, एसटी आणि झेरॉक्स धरून ८,५०० च्या आसपास. इंटरफेस आधीचाच. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा आप्पांनी झाकण बसवून टाकलं होतं. उघडून पाहिलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: ३.१०.२४, प्लेट २६, आणि खाली माझा ०.२४ आणि ०.२७. मे महिन्यात जांभा पूर्ण सुकला की अर्थिंग पुन्हा मोजायचं आहे, आणि त्याच दिवशी हे दोन व्हॉल्व्हही.